प्रतिसाद: आधी बेसिक अल्जेब्राच का?

वहिनींना अकाउंटिंगची पदवी करायची आहे, दहावीनंतर गणिताशी संबंध नाही, म्हणून कम्युनिटी कॉलेजात (अमेरिकेतलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) बेसिक अल्जेब्रापासून सुरुवात करावी, असं वर सुचवलंय. तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर जरा थांबा. तिथे 2017 च्या एबी 705 कायद्यानंतर प्लेसमेंट टेस्ट (कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा) घेऊन विद्यार्थ्यांना खालच्या वर्गात ढकलणं जवळपास बंद झालंय. असे पायाभूत कोर्स चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर होत नाहीत (म्हणजे तिथल्या पदवीसाठी धरले जात नाहीत), आणि एकामागून एक ते करता करता बरेच जण मधेच गळायचे. आता थेट ट्रान्सफर होणारा कोर्स घ्यायचा आणि जोडीला सपोर्टचा तास, अशी सोय असते. अकाउंटिंगला स्टॅटिस्टिक्स बहुधा लागतंच, पण कुठलं गणित आधी घ्यायचं ते काउन्सेलरला विचारूनच ठरवा. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत.

फी म्हणाल तर कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत रहिवाशांना युनिटला (कोर्सचं वजन मोजायचं माप, म्हणजे क्रेडिट) 46 डॉलर, आणि रहिवासी ठरायला साधारण वर्षभराचं वास्तव्य दाखवावं लागतं.

बाकी अवयव पाडणं, एकसामयिक समीकरणं वगैरे आपल्या दहावीवाल्यांना पटकन आठवतं. अडतं ते शाब्दिक उदाहरणांत! बरणीत इतके निकेल, इतके डाइम, एकूण अमुक डॉलर. निकेल म्हणजे 5 सेंट, डाइम 10, हे पेपरात कोणी सांगत नाही. (आकाराने डाइम लहान, हा आणखी एक छळ.)