राउटर कुठं ठेवलाय? तुमचा अनुभव सांगा

परभणी

सुरुवात मीच करतो. आमचं घर जुन्या भागातलं, आजोबांच्या काळचं. भिंती दगड-मातीच्या, चांगल्या दीड हात रुंद, वर माळवद. फायबरची वायर मीटरपाशी आत आली, म्हणून जोडणाऱ्या पोरानं तिथंच दाराच्या वर खिळा ठोकला, राउटर लटकवला आणि गेला. बैठकीत नेट पळतंय. माजघरात एक दांडी. मागच्या खोलीत, जिथं लेक अभ्यासाला बसते, तिथं काहीच नाही.

मी काय केलं, तर ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा केला. मग २०० चा. मागच्या खोलीत फरक शून्य. शेवटी भाचा दिवाळीला आला, त्यानं बघितलं आणि म्हणाला, "मामा, नेट बाहेरून पुरेसं येतंय, ते भिंतीत मरतंय." राउटरमध्ये दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण जाड भिंतीपुढं त्याचं चालत नाही. २.४ चा त्यामानानं हळू, पण भिंतीतून थोडाफार निघतो. आमच्या दोन भिंतींपुढं त्यानंही हात टेकले होते. भाच्यानं वीस मीटर केबल आणली, राउटर माजघरातल्या फळीवर, दारांच्या रेषेत ठेवला. प्लॅन परत ५० वर आणलाय.

म्हणून विनंती एवढीच: कंपनी कोणती, प्लॅन किती, ते राहू द्या. राउटर आधी कुठं होता, आता कुठं आहे आणि का हलवला, ते सांगा. घर कसलं आहे तेही सांगा. फ्लॅटवाल्यांचे सल्ले आमच्या माळवदाला लागू पडत नाहीत.

लातूर

आमच्याकडं वरच्या मजल्यावर क्लासची पोरं राहतात. आठ जण, सगळे नीटवाले. नेट आमचं एकच, राउटर जिन्याच्या खिडकीत. मार्चपर्यंत एका पोराची तक्रार नव्हती. एप्रिल लागला आणि रोज कुणीतरी खाली येऊन उभं. "काका, व्हिडिओ अडकू लागलाय." मी रोज कस्टमर केअरला फोन. तीनदा माणूस येऊन गेला, तिन्ही वेळा राउटरजवळ उभा राहून मोबाइलवर वेग दाखवला आणि म्हणाला, तुमचं तर चांगलं आहे. ते खरंही होतं.

कारण आमच्या हिनं काढलं. म्हणाली, "कूलर कधी लावला तुम्ही?" एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात! राउटर आणि खोल्यांच्या मधोमध पत्र्याचा मोठा कूलर, तिन्ही बाजूंना ओला वाळा आणि खाली टाकीभर पाणी. पत्रा लहरी परत फेकतो आणि पाणी शोषून घेतं. त्या बिचाऱ्या राउटरला यापेक्षा भारी भिंत आम्ही सिमेंटमध्ये बांधली असती तरी जमली नसती. राउटर खोल्यांच्या बोळीत छताजवळ नेला. त्या तीन तक्रारींची मला अजून लाज वाटते. तपासायला आलेल्या एका पोरावर मी जरा ओरडलोही होतो.

औसा तालुका

आमचं गाव किल्लारीपासून लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडी घरं कशी खाली आली ते वडिलांनी बघितलंय. त्यानंतर त्यांनी घराला दगड लावू दिला नाही. वर पत्रे, मधल्या आडभिंतीही पत्र्याच्याच. आता त्याच पत्र्यात नेट अडकतं. या खोलीतलं त्या खोलीत जात नाही, मात्र दार उघडं ठेवलं की जातं. म्हणून राउटर मधल्या दाराच्या चौकटीवर बसवलाय आणि ते दार आम्ही लावत नाही. पत्रे काढून भिंत बांधू म्हटलं की वडील उठून बाहेर जातात. मीही आता म्हणत नाही.

अंबाजोगाई

निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळं जरा सविस्तर.

मुलगा पुण्याला. त्यानं फोनवरून सांगितलं, "बाबा, जुना राउटर फेकू नका, तो मागच्या खोलीत लावू, नेट तिथपर्यंत जाईल." मी केबल ओढली, जोडली, तर मागच्या खोलीतलं नेट विचित्र वागू लागलं. कधी येई, कधी नाही. मोबाइलवर 'कनेक्टेड' लिहिलेलं, पण पान उघडेना. नंतर कळलं ते असं, की दोन्ही राउटरचा पत्ता एकच होता, १९२.१६८.१.१. आणि दोघंही स्वतःला घराचे कर्ते समजून येणाऱ्या प्रत्येक मोबाइलला नंबर वाटत होते. एका घरात दोन कर्ते झाले की काय होतं ते बीड जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

रविवारी दुरुस्ती सुरू झाली. फोन स्पीकरवर, तो हिच्या हातात, मी चष्मा लावून टेबलाखाली. "बाबा, केबल निळ्या भोकात आहे का पिवळ्या?" "निळ्या." "ती काढा, पिवळ्यात घाला." आमच्या राउटरला निळं भोक बाहेरून येणाऱ्या नेटचं आणि पिवळी घरात वाटायची. दुसऱ्या राउटरला नुसतं वाटपाचं काम द्यायचं असेल तर केबल पिवळ्यात. मग त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता १९२.१६८.१.२ केला आणि डीएचसीपी नावाचं खातं बंद केलं. नंबर वाटायचं काम ते.

पत्ता बदलताच समोरचं पान नाहीसं झालं. खरं तर ते व्हायलाच हवं, कारण आता नवीन पत्त्यावर जायचं असतं. मला वाटलं राउटर गेला. मुलगा "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत मी हिच्याकडून सेफ्टी पिन घेऊन रिसेटचं बटण दहा सेकंद दाबूनसुद्धा झालं होतं. आणि तेही दुसऱ्याच राउटरचं! मुख्य राउटर कोरा झाला. त्यात नेट सुरू करायचं जे युजरनेम आणि पासवर्ड असतं, ते माझ्याकडं कधी नव्हतंच. ते केबलवाल्या पोराकडं आणि तो मामाच्या लग्नाला परळीला. दोन दिवस नेट नाही. ही म्हणाली, बरं झालं, जरा शांतता.

आता ते युजरनेम-पासवर्ड कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलंय. दोन्ही राउटरला वाय-फायचं नाव-पासवर्ड एकच दिलंय, चॅनल मात्र एकाला १ आणि दुसऱ्याला ११.

वसमत

गावालगत आखाडा आहे, तिथं हळद असते म्हणून कॅमेरे लावले. घरातून आखाड्यापर्यंत साधी लॅनची केबल खांबांवरून नेली. सव्वाशे-दीडशे मीटर भरली असंल. दिवा लागायचा, विझायचा. दुकानदारानं नंतर सांगितलं की ही केबल शंभर मीटरच्या पुढं भरवशाची नाही. मधे एक स्विच बसवून चालवली. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, जवळच वीज पडली आणि त्याच तांब्याच्या केबलवरून घरातला राउटर, आखाड्यावरचा स्विच आणि दोन कॅमेरे एका झटक्यात गेले. आता फायबर टाकलीय, दोन टोकांना दोन कन्व्हर्टर. फायबर घेताना आत तार नसलेली मागा. नाहीतर पुन्हा तेच.

छत्रपती संभाजीनगर, सिडको

आमचा फ्लॅटच आहे, तरी सांगते. मोबाइलवर बघितलं तर शेजारपाजारची तेवीस वाय-फाय दिसली. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तेवीस घरं, तीन रस्ते. सगळं ५ गिगाहर्ट्झवर नेलं, प्रश्न संपला. फक्त सासरे त्याला जोडून घेईनात. नावापुढं '५जी' लिहिलेलं होतं आणि त्यांचं म्हणणं, "माझा फोन ४जीचा आहे, उगं बिघडायचा." नाव बदलून 'अण्णांचं नेट' ठेवलं. लगेच जोडलं.

धाराशिव

राउटर हलवताना उरलेली फायबर सुताराच्या पोरानं खिळ्याला गच्च गुंडाळली. लाल दिवा लुकलुकायला लागला. वायर कुठंच तुटलेली नव्हती. जिथं काटकोनात वाकली होती तिथून उजेड बाहेर जात होता. मोजणारा म्हणाला, आत येणाऱ्या उजेडाचं माप उणे २९ आहे, उणे २७ च्या खाली गेलं की डबा ऐकत नाही. ताटलीएवढा सैल वेढा केला, उणे २० वर आलं.

नांदेड

आमच्याकडं जागेचा नाही, लाइटचा प्रश्न. राउटर टीव्हीमागं होता आणि त्या बोर्डाला इन्व्हर्टर नाही. लाइट गेली की नातीचा ऑनलाइन क्लास बंद. मी राउटरचा छोटा यूपीएस आणला, घाईत ९ व्होल्टचा. राउटर १२ चा. चालू होतोय, बंद होतोय, चालू होतोय. सुनेनं आधीच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली: १२ व्होल्ट, १ अँपिअर. बदलून आणला. आता लाइट गेली तरी तीन तास जातात. बायांनो, दुकानात जाताना जुना अडॅप्टर पिशवीत घालून न्या.

जालना

वाटणी झाली तेव्हा वाड्याच्या मधोमध भिंत घातली. पलीकडं थोरले भाऊ. दोन वर्षं बोलणं नव्हतं. लॉकडाउनमध्ये दोन्हीकडच्या लेकरांची शाळा मोबाइलवर आली. नेट आमच्याकडं, पण भिंतीनं पलीकडं जाईना. एक दिवस पुतण्या आमच्या ओसरीवर येऊन वही उघडून बसला. आईनं काही न बोलता मिस्त्रीला बोलावलं आणि त्या भिंतीत आरपार कोनाडा काढायला लावला, वीतभर रुंद. राउटर त्यात. पासवर्ड आईच्या माहेरच्या गावाचा.

बिल अजून निम्मं-निम्मं. परवा नेट गेलं तर पलीकडून वहिनींनी कोनाड्याशी तोंड नेऊन विचारलं, "अहो भाऊजी, तिकडूनबी लालच दिसायलाय का?"