रापा नुईवरचा पडका दगडी बांध: धरण होतं की नुसती शेताची ताल?

लष्करवाला (ग्वाल्हेर)
नमस्कार मंडळी. पॅसिफिकमधल्या रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावर, तेरेवाका डोंगराच्या उतारावरच्या वाइपू घळीत 'आवा रांगा उका आ तोरोके हाऊ' नावाची जागा आहे. जर्मन पुरातत्त्व संस्थेच्या उत्खननात तिथे दगडी बांध, फरसबंदी, कुंडं आणि पाण्याचे चर मिळाले. ओढ्यात आडवी दगडांची रांग दिसली की ते धरणच, हे कशावरून ठरवतात? त्यात पाणी किती राहत असेल? आणि काळ कसा काढतात? आपल्याकडच्या नाल्यांतही अशा पडक्या भिंती दिसतात, त्यांना हेच निकष लावता येतील का?

गाळपेर
दगडांकडे नंतर बघा, आधी बांधाच्या वरच्या अंगाची, म्हणजे पाणी येतं त्या बाजूची माती बघा. साठलेल्या पाण्यात बारीक गाळ संथपणे बसतो. त्यामुळे चिकणमाती आणि पोयट्याचे पातळ, जवळजवळ आडवे थर मिळतात, आणि ते बांधाला टेकून येऊन थांबतात. शेतात माती अडवायला घातलेली ताल असेल तर मागे एकजीव, उकरलेली, मुळांनी भेदलेली माती मिळते. खडे आणि माती सरमिसळ.

मग पाया. पाणी अडवणारा बांध खडकापर्यंत किंवा घट्ट मातीपर्यंत नेलेला असतो आणि दोन्ही टोकं काठात घुसवलेली असतात. काठाला नुसती टेकलेली भिंत पहिल्याच पुरात बगलेने फुटते. पडक्या बांधात मधला भाग शाबूत आणि एका टोकाला खिंडार दिसलं, तर बहुतेकदा हेच झालेलं असतं. सांडव्याची खूणही शोधा: माथ्यावर कुठे तरी बुटका, मोठ्या चपट्या दगडांचा उंबरा आणि त्याच्या खाली पाण्याच्या माराने पडलेला खड्डा.

ओळंबा
साठ्याचं गणित अवघड नाही. घळ इंग्रजी व्ही आकाराची धरली तर साठा = माथ्यावरची रुंदी × उंची × पाण्याची मागची लांबी ÷ ६. उदाहरणाला १० मीटर रुंद, २ मीटर उंच बांध घ्या. तळाचा उतार २० ला १, म्हणजे पाणी मागे ४० मीटर पसरणार. १० × २ × ४० ÷ ६ = सुमारे १३३ घनमीटर, म्हणजे १ लाख ३३ हजार लिटर. पाण्याचा पृष्ठभाग २०० चौरस मीटर. रोज ५ मिलिमीटर वाफ धरली तर दिवसाला १ घनमीटर तिथेच उडालं. पाझर वेगळाच. रापा नुईवर पाऊस ग्वाल्हेरपेक्षा जास्त पडतो, तरी बारमाही ओढा एकही नाही, कारण ज्वालामुखीचा सच्छिद्र खडक पाणी पिऊन टाकतो. तेव्हा अशा बांधावर गावाचं वर्ष निघेल असं समजू नका.

दुसरा हिशेब जोराचा. बांधाच्या दर मीटर लांबीवर पाण्याचा रेटा उंचीच्या वर्गाच्या निम्मा, टनांत. २ मीटरला २ टन, ४ मीटरला एकदम ८ टन. चुन्याविना रचलेली २ मीटर उंच, १ मीटर जाड भिंत साधारण ३.६ टन भरते, घर्षण ०.६ धरलं तर जेमतेम २.२ टन रेटा पेलते. तेही भिंत कोरडी असली तर. पाण्यात बुडालेल्या दगडाचं वजन घटतं आणि तीच भिंत १.३ टनांवर सरकते. म्हणून पाण्याच्या बाजूला चिकणमातीचा थर हवाच. नुसत्या रचीव दगडाचं धरण होत नाही, गाळणी होते.

लष्करवाला
म्हणजे आपल्या ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणाची गोष्टही हीच?

ओळंबा
तिथे चुन्याची बांधणी होती, पण जात तीच. सांक नदीवरचं २४ मीटर उंचीचं धरण १९१७ मध्ये फुटलं. माथ्यावरून पाणी गेलं आणि दोन मोठे तुकडे जागचे सरकले; पुन्हा बांधून झालं ते १९२९ मध्ये. वरचं सूत्र लावलं तर २४ मीटरला दर मीटरमागे २८८ टन. आपला वालुकाश्म थराथराचा. थरांमधल्या मातीत पाणी शिरलं की वरचा दगड कितीही पक्का असला तरी उपयोग नाही.

कोळसेवाला
काळाबद्दल. दगडाचं वय काढून बांधाचं वय कळत नाही; जळक्या लाकडाच्या कोळशातल्या कार्बनवरून काळ काढतात. पायाच्या खालच्या मातीतला कोळसा घेतला तर 'बांध याच्यानंतरचा' एवढंच कळतं. मागच्या गाळाच्या सर्वांत तळच्या थरातला नमुना सांगतो 'तोवर बांध उभा होता'. दोन्ही मिळून मधला काळ. चुकतं इथे: जाड खोडाच्या आतल्या लाकडाचा कोळसा घेतला तर तारीख शेकडो वर्षं मागे जाऊ शकते. म्हणून बारीक फांदी, बी, किंवा रापा नुईवर मिळतात तशी ताडाच्या फळाची जळकी करवंटी पसंत करतात. गाळात पुरानेही जुना कोळसा वाहून येतो, तेव्हा एका नमुन्यावर जाऊ नका.

गाळपेर
ओळंबादादा, एक दुरुस्ती. उंची आज दिसते ती घेऊ नका. गाळाने निम्मा बांध गाडलेला असतो आणि वरचे दगड नंतर लोकांनी घरा-गोठ्यासाठी नेलेले असतात. लोखंडी सळई दर २ मीटरवर दाबून मूळ तळ कुठे लागतो ते नोंदवा, माथ्याची पातळी काठातल्या शाबूत टोकावरून घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघितली तर सेंटीमीटरभर अचूकता सहज मिळते. फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका. आणि सळई आपल्या नाल्यातच, तीही जागा संरक्षित नाही याची खात्री करून. रापा नुईची ती जागा राष्ट्रीय उद्यानाच्या बेटावर आहे, तिथे एक दगड हलवायचीही सोय नाही.