केअर होममध्ये सीपीआर द्यायचा की नाही हे आधीच लिहून ठेवावं का?

रातपाळी: वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स आहे. नवीन पॉलिसीचा मसुदा आलाय, हृदय बंद पडलं तर सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करायचा प्रयत्न) हवा की नको याची प्रत्येकाच्या फाईलवर आधीच नोंद. माझा फुल सपोर्ट. नोंद नसली की आम्हाला छाती दाबावीच लागते, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटीमीटर खोल, आणि नव्वदीतल्या ठिसूळ बरगड्या मोडतात ते हाताखाली कळतं हो. १९६० साली ही पद्धत आली ती अचानक थांबलेल्या हृदयासाठी, झिजत झिजत शेवटाला आलेल्या शरीरासाठी नाही.

भांडकुदळ: सपोर्ट कसला? अ‍ॅडमिशनच्या वेळी सह्यांचा गठ्ठा पुढे करता त्यातच हा कागद सरकवणार, घाबरलेला माणूस कुठेही सही करतो. आणि एकदा 'नको' लागलं की साधा ताप आला तरी डॉक्टरला उद्या बोलावू. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये न विचारता असे शेरे मारल्याच्या तक्रारी झाल्या, तिथल्या केअर क्वालिटी कमिशनला, म्हणजे केअर होमवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला, चौकशी करावी लागली.

रातपाळी: ते चूकच होतं. पण सीपीआर नको म्हणजे अँटिबायोटिक, ऑक्सिजन, वेदनेचं औषध बंद असं नाही, आणि हेच मोठ्या अक्षरात पॉलिसीत हवंय.

तिरकस: अक्षरं कितीही मोठी करा, रात्री दोनला अ‍ॅम्ब्युलन्स येते तेव्हा तो कागद ऑफिसच्या कपाटात आणि चावी मॅनेजरच्या घरी असते 😀 वर मुलगा फोनवर 'सगळं करा' म्हणून ओरडतोय, जो आजवर भेटायला फिरकलेला नाही. ऐकायचं कुणाचं?

रातपाळी: आजींचं. शुद्धीत असताना बोलल्या असतील तर.

भांडकुदळ: आणि डिमेन्शिया असेल तर? तेव्हा मुलगाच ना, न फिरकलेला का असेना, त्यांना आधी काय वाटायचं ते घरच्यांनाच माहीत असतं. माझी अट सांगतो, दर सहा महिन्यांनी आणि हॉस्पिटलमधून परत आल्यावर नव्याने विचारायचं, घरच्यांना समोर बसवून, सही डॉक्टरची. नाहीतर माझा विरोधच.

रातपाळी: मसुद्यात वर्षातून एकदा आहे, सहा महिने करा म्हणून कळवते. पण आमच्याकडे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, तेवढ्यात सही राहिली तर त्या रात्री दाबायला आम्हीच.