ग्रीसमधलं प्रेस्पा: गाडीशिवाय जमेल का?

प्रश्न: मे महिन्यात थेस्सालोनिकीला आहे, तिथून प्रेस्पा तळी बघायचा विचार आहे पण मला गाडी चालवता येत नाही, बसने फ्लोरिना शहरापर्यंत जाऊन पुढे काय करायचं?

उत्तर १: फ्लोरिनापर्यंत बस आहे, पुढे मात्र टॅक्सीच धर, नाहीतर गाडीवाला मित्र शोध. गावं लांब लांब आहेत. आणि एका दिवसात परत यायचा हट्ट नको, मुक्काम कर.

उत्तर २: मे म्हणजे पेलिकन पक्ष्यांसाठी मस्त! डाल्मेशियन पेलिकनच्या जगातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक मिक्री प्रेस्पावर, म्हणजे धाकट्या तळ्यावर आहे, दुर्बीण ने. आयिओस आखिलिओस बेटावर तरंगत्या पुलावरून चालत जाता येतं, तिथे बल्गेरियाचा राजा झार सॅम्युएल याच्या काळातल्या, म्हणजे १०व्या शतकातल्या बॅसिलिकाचे (मोठ्या चर्चचे) अवशेष आहेत, छप्पर नाही पण मला तरी तसंच जास्त आवडलं. मोठ्या तळ्याकाठच्या प्साराडेस गावाहून बोट घे, कड्यातल्या जुन्या संन्याशांच्या गुहा दिसतात.

उत्तर ३: जॅकेट विसरू नका, तळी ८५० मीटरवर आहेत, संध्याकाळी गारठा असतो. आणि तिथले मोठे पांढरे बीन्स खाच!

प्रश्नकर्ता: मोठ्या तळ्यातून अल्बेनियाला बोटीने जाता येतं का?

उत्तर १: ते धरून चालू नकोस, मोठं तळं तीन देशांत वाटलेलं आहे, सीमा पाण्यातूनच जाते.