मुनस्यारीहून पंचाचुली: कोणत्या वेळचं ऊन धरावं?

लष्करची मंजिरी: नमस्कार. ऑक्टोबरअखेर बाबांना घेऊन ग्वाल्हेरहून उत्तराखंडमधल्या मुनस्यारीला जायचंय. गुडघ्यांमुळे त्यांना चढ झेपत नाही, पण कॅमेरा हातचा सुटत नाही. समोरच्या पंचाचुलीच्या पाच हिमशिखरांवर चांगलं ऊन पहाटे की संध्याकाळी? ७०-३०० मिमीची झूम लेन्स पुरेल? काठगोदाम रेल्वे स्टेशनहून एका दिवसात पोहोचणं जमेल?

डोंगरवेडा: मंजिरीताई, संध्याकाळच धरा. शिखरं गावाच्या पूर्वेला आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या मागून येतो, तेव्हा कडा सुंदर उजळते पण अंग काळंच राहतं. मावळतीचं ऊन समोरून पडतं. पाचही शिखरं आधी केशरी, मग गुलाबी होतात. सर्वांत उंच शिखर ६,९०४ मीटरचं, रंग त्याच्यावर शेवटपर्यंत टिकतो. ७०-३०० उत्तम. फ्रेममध्ये बर्फ जास्त असेल तर एक्स्पोजर (फोटोतला उजेड) थोडं वाढवा, नाहीतर तो राखाडी येतो. बाबांना कुठे चढायला लावू नका, पूर्वेकडे गच्ची असलेली खोली मागा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच.

जिवाजीगंजचे काका: अगं, एका दिवसाचा हट्ट नको, सगळा घाट आहे. वाटेतल्या चौकोडीला मुक्काम कर, हवा स्वच्छ असेल तर तिथूनही नंदादेवी दिसते. पुढचा बिर्थी धबधबा रस्त्यावरूनच दिसतो, तिथे बाबांना निवांत ट्रायपॉड लावू दे.

लष्करची मंजिरी: काका, चौकोडी नक्की. थंडीत बॅटरी लवकर उतरते का?

डोंगरवेडा: उतरते. जास्तीची बॅटरी स्वेटरच्या आत, अंगाजवळ ठेवा.