सल्ला हवा : कॅज्युअल्टीतल्या इजांची नोंद मोबाईलवर कशी करावी?

साकव

नमस्कार मंडळी. कोकणातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी आहे. महामार्ग जवळ, त्यामुळे गाड्यांचे अपघात येतातच. पण आमच्याकडे त्याहून वेगळंही बरंच येतं: माडावरून पडलेले, आंबे उतरवताना फांदी मोडून पडलेले, कवळ (झाडांच्या हिरव्या डहाळ्या) तोडताना कोयती लागलेले, ग्रासकटरचं पातं नडगीला बसलेले, फुरसं चावलेले, रात्री डुक्कर आडवं येऊन बाईकवरून फेकले गेलेले.

गेल्या महिन्यात वरून फोन आला, "वर्षभरात झाडावरून पडलेले किती?" मी आणि ब्रदर दोन रविवार रजिस्टरं चाळत बसलो. निम्म्या ओळींत नुसतं 'एच/ओ फॉल', म्हणजे 'पडल्याचं सांगतात'. पायरीवरून की माडावरून, देव जाणे. शेवटी अंदाजे आकडा कळवला आणि त्याची अजून लाज वाटते.

तेव्हा आता मोबाईलवर नोंद सुरू करायची आहे. पैसे नाहीत. पावसाळ्यात वीज गेली की पाठोपाठ रेंज जाते. नाईटला एक सिस्टर, एक मावशी आणि मी. कोणतं अॅप घ्यावं, फॉर्म कुणी भरावा, काय काय विचारावं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगावं.

खारूताई

अॅपचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, तो आधी निकालात काढू. ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स. दोन्ही एकाच घराण्यातली, कोबो हे ओडीकेवरच उभं आहे. साध्या अँड्रॉइड फोनवर चालतात, रेंज नसताना भरलेले फॉर्म फोनमध्ये राहतात आणि नेट आलं की सर्व्हरवर जातात. फॉर्म एक्सेलमध्ये बनवायचा, प्रश्न मराठीत लिहिता येतात. कोबोच्या फुकट खात्याला मर्यादा असतात, पण एका उपजिल्हा रुग्णालयाला ते पुरावं. मेडिकल कॉलेजं रेडकॅप वापरतात, पण त्याला संस्थेचा सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस लागतो. तुमच्याकडे तो नाही.

फॉर्मला पायऱ्या ठेवा. 'पडणे' निवडलं तरच 'कशावरून' उघडावं, 'झाड' निवडलं तरच 'कोणतं झाड, काय करताना'. साप चावलेल्याच्या फॉर्मवर हेल्मेटचा प्रश्न दिसला की सिस्टर दुसऱ्या दिवसापासून फोन कपाटात ठेवते. अनुभवाचे बोल.

विदागार

मी डॉक्टर नाही, विदा म्हणजे डेटा, त्यावर पोट भरतो. तुमचा 'एच/ओ फॉल' हा जगभरचा आजार आहे. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत, इजेचे दोन स्वतंत्र कप्पे आहेत. काय मोडलं, ते एस आणि टी अक्षरांत. कशामुळे मोडलं, ते व्ही पासून वाय पर्यंत. डॉक्टरांना उपचारासाठी पहिला कप्पा पुरतो, म्हणून दुसरा रिकामा राहतो. झाडावरून पडण्याला स्वतःचा कोड आहे, डब्ल्यू १४. विषारी सापाला एक्स २०. पण सिस्टरला कोड विचारू नका! तिला 'माड', 'आंबा', 'फुरसं' एवढंच दिसू द्या. कोड पाठीमागे एक्सेल लावेल.

आणखी दोन गोष्टी. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आधीच भरून ठेवू नका, हेल्मेटला 'नाही' भरलेलं असलं की सगळा जिल्हा बिनहेल्मेटचा निघतो. आणि 'माहीत नाही' व 'विचारलं नाही' हे दोन वेगळे पर्याय हवेत. दुसरा पर्याय द्यायला लोक कचरतात, पण खरा विदा तिथेच कळतो.

जुना_इंटर्न

जीसीएसचा (रुग्ण किती शुद्धीवर आहे त्याचे गुण, जास्तीत जास्त १५) एकच रकाना ठेवलात तर सगळे १५ येतील. हातच बसलेला असतो. डोळे, बोलणं, हालचाल असे तीन प्रश्न करा, बेरीज फोन करेल.

मोठ्या रुग्णालयांत हे कसं होतं तेही ऐका. २०१३ ते २०१५ मध्ये 'टिटको' नावाचा प्रकल्प झाला. मुंबईचं केईएम आणि सायन, दिल्लीचं एम्सचं ट्रॉमा सेंटर, कोलकात्याचं एसएसकेएम. साधारण १६ हजार रुग्णांची नोंद झाली, पण त्यासाठी वेगळी माणसं नेमली होती, पाळ्या लावून. तुम्हाला ते शक्य नाही. म्हणून मला केपटाउनच्या ग्रूट शूरचा प्रयोग जास्त पटतो. (हो, १९६७ ला हृदय बदललं तेच रुग्णालय.) तिथे डॉक्टरनं रुग्ण दाखल करतानाची नोंद कागदाऐवजी आयपॅडवर लिहायची, आणि त्याच लिखाणातून ट्रॉमाची नोंदवही तयार व्हायची. म्हणजे एकदाच लिहायचं. दोनदा लिहायला लावलंत की तीन महिन्यांत बंद पडतं, पैज लावतो.

पट्टी_बांधणारा

मी स्टाफ नर्स, पुरुष. डॉक्टर, राग मानू नका, पण फॉर्म कुणी भरावा या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वेळी 'सिस्टर' असतं. रक्तानं भरलेले ग्लोव्हज काढायचे, फोन उघडायचा, पासवर्ड टाकायचा, आणि तोवर नातेवाईक ओरडतात, "पेशंट पडलाय आणि ही मोबाईल खेळतेय." आमच्याकडे यावरून हाणामारीची वेळ आली होती. फोन रुग्णालयाचा हवा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ड्रेसिंग रूमच्या भिंतीला अडकवलेला, पाठीमागे मोठ्या अक्षरात 'नोंदणी'. टाके घालून झाले, पेशंट शांत झाला, मग विचारायचं. तेव्हाच तो खरंही सांगतो. दारात पहिल्यांदा सगळे 'घसरून पडलो' म्हणतात. नवऱ्यानं मारलेली बाईसुद्धा.

साकव

@पट्टी_बांधणारा, राग कसला, बरोबर बोललात. शेवटचं वाक्य वाचून थांबले जरा. त्यासाठी फॉर्मात काय करावं?

पट्टी_बांधणारा

'कशामुळे'च्या खाली 'सांगितलेलं कारण इजेशी जुळतं का' एवढा एक प्रश्न. तो पेशंटला विचारायचा नाही, भरणाऱ्यानं आपलं बघून टिपायचा. आणि त्या वेळी नातेवाईक बाहेर.

नाना_वकील

कायद्याचं थोडकं. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसेसचं) रजिस्टर कागदावर चालू आहे तसंच चालू राहू द्या, कोर्टात तेच मागतात. मोबाईलच्या नोंदीत नाव, पत्ता, फोटो काही नको. केस पेपरचा नंबर पुरे. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आता आहे, आणि एक्स-रेचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. दारूचा वास आला का, हे एमएलसीत जातंच. दुसरीकडे वेगळं लिहिलंत आणि दोन्ही जुळलं नाही, तर विम्याच्या दाव्यात त्या पेशंटचं वाटोळं.

खारूताई

रस्ते अपघातांसाठी आयरॅड-ईडार हे सरकारी नोंदणी पोर्टल आहेच ना? आयआयटी मद्रास आणि एनआयसीनं केलेलं. पोलीस घटनास्थळी भरतात, आरोग्य विभागालाही त्यात जागा आहे. २०२५ पासूनच्या अपघातग्रस्तांच्या कॅशलेस उपचार योजनेशी, म्हणजे ७ दिवस, दीड लाखापर्यंत, त्याची जोड आहे. तेव्हा रस्त्याचा पेशंट असेल तर तुमच्या फॉर्मात चारच प्रश्न ठेवा, उगाच तिसरी वही नको. माडावरून पडलेल्याला मात्र कुठलंच पोर्टल नाही, तुमचा फॉर्म खरं म्हणजे त्याच्यासाठी.

विदागार

एक राहिलं. 'ब्रॉट डेड', म्हणजे आणतानाच मृत असलेले, कुठे लिहिता? बहुतेक ठिकाणी ते कॅज्युअल्टीला वळसा घालून थेट पीएम (शवविच्छेदन) रजिस्टरमध्ये जातात. म्हणजे सगळ्यात गंभीर पडलेलेच मोजणीतून गळतात. आणि सिव्हिलला (जिल्हा रुग्णालयात) रेफर केलेला तिथे पुन्हा मोजला जातो. 'कुठून रेफर, कुठे रेफर' हे दोन प्रश्न सक्तीचे करा.

साकव

सगळ्यांचे आभार. पीएम रजिस्टर आजच काढून बघितलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. यंदाच्या हंगामातले माडावरचे दोन तिथेच सापडले, आमच्या रजिस्टरला त्यांचा पत्ता नाही. त्यातला एक आमच्या मावशींच्या वाडीतला.

आता ठरवलंय ते असं. कोबो, रुग्णालयाचा एकच फोन, भिंतीला. १४ प्रश्न होते, ९ वर आणलेत. हेल्मेट फक्त बाईकला, जीसीएस फक्त डोक्याच्या मारालाच. नोंद ड्रेसिंगनंतर. नाईटला मी स्वतः भरणार, म्हणजे सिस्टर मला शिव्या देणार नाहीत. सर्पदंश पहिल्या दिवसापासून घेतेय, कारण नोव्हेंबर २०२४ मध्येच केंद्रानं तो नोंदणीयोग्य (सरकारला कळवणं बंधनकारक) करायला राज्यांना कळवलंय. उद्या ना उद्या तेही विचारतील.

एक अडकलंय. पेशंट घरी गेला की शेवटी काय झालं ते कसं जोडू? केस पेपर नंबरनं शोधत बसू का?

खारूताई

ओडीकेत त्यासाठी 'एंटिटी' म्हणून सोय आहे. पहिल्या फॉर्मची नोंद दुसऱ्या फॉर्मात यादीसारखी दिसते, निवडायची आणि 'बरा / रेफर / मृत्यू' टिपायचं. कोबोवर जरा आडवळणानं करावं लागतं. तुमचा एक्सेल फॉर्म व्यनि करा, रविवारी बघते.

जुना_इंटर्न

फॉर्म मलाही पाठवा. आमच्या तालुक्यात माड नाहीत, पण विहिरी आहेत.