मदत हवी आहे: स्ट्रूप परिणाम ठळक, पण विश्वसनीयता फारच कमी

एम.ए.च्या प्रबंधासाठी स्ट्रूप इंटरफिअरन्स (शब्दाचा अर्थ आणि त्याचा रंग जुळला नाही की रंग ओळखायला लागणारा जादा वेळ) आणि वर्किंग मेमरी (माहिती थोडा वेळ मनात धरून वापरण्याची क्षमता) यांचा सहसंबंध पाहते आहे. ४२ जणांचा डेटा हातात आहे, प्रत्येकी ४८ जुळणाऱ्या आणि ४८ न जुळणाऱ्या ट्रायल्स. 'लाल' हा शब्द हिरव्या रंगात आला की कीवरचं बोट क्षणभर अडखळतं, शेजारी बसूनही ते दिसतं. गटाच्या पातळीवर शंकाच नाही: सरासरी ७० मिलिसेकंदांचा फरक.

अडचण व्यक्तींच्या पातळीवर आहे. प्रत्येकाच्या फरकाची स्प्लिट-हाफ विश्वसनीयता (ट्रायल्सचे दोन भाग केले, तर दोन्हींतले आकडे किती जुळतात) स्पिअरमन-ब्राऊन दुरुस्तीनंतरही (ट्रायल्स निम्म्या झाल्याने घटलेला आकडा ती भरून काढते) ०.४५च येते. चुकलेली उत्तरं आणि २०० मिलिसेकंदांच्या आतले प्रतिसाद आधीच वगळले आहेत. सरासरीऐवजी मध्यक घेतला, लॉग घेऊन पाहिला, सम-विषम सोडून ५००० यादृच्छिक विभागण्याही केल्या. आकडा जागचा हलत नाही. हेज, पॉवेल आणि समनर यांचा २०१८चा लेख वाचला आहे. जो परिणाम बहुतेकांत सारखाच दिसतो, तो माणसामाणसांतला फरक मोजायला कमी पडतो, हे पटतंही. पण पटलं म्हणून प्रबंध पुढे सरकत नाही!

सादर करायला सहा आठवडे आहेत. टास्क बदलता येणार नाही, आराखडा मंजूर झालाय. साधारण २५ जण पुन्हा यायला तयार आहेत. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये मिक्स्ड मॉडेल जमतं, बेझियन अजून केलेलं नाही.

अशा वेळी या २५ जणांच्या ट्रायल्स वाढवाव्यात, की सगळ्या ४२ जणांवर ट्रायल पातळीचं हायरार्किकल मॉडेल (ट्रायल्समधला आणि व्यक्तींमधला फरक वेगवेगळा धरणारं) लावून त्यातूनच सहसंबंध काढावा? आणि दुसरा मार्ग घेतला, तर प्रत्येकी इतक्या कमी ट्रायल्सवर तो अंदाज परीक्षकांपुढे टिकेल का?